चार बोटांचा हाशिया

१

नीलिमाने दोन झेरॉक्स माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "तारामावशी, सह्या माझ्या आहेत. पत्रं माझी नाहीत."

शुक्रवार होता, सहा मार्च एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. आज मी अठ्ठ्याऐंशीची आहे. सकाळची गोळी घेतली की नाही ते दुपारी आठवत नाही, पण तारखा विसरत नाही. अडतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, शेवटची अकरा वर्षं सेक्शनची सुपरिटेंडेंट म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या माझ्या दोन खोल्यांत मी आपल्या मनाची मालकीण होते.

नीलिमा ही माझ्या भारतीची मुलगी. भारती आणि मी एका टेबलावर वीस वर्षं डबा खाल्ला. ती गेली तेव्हा नीलिमाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा सुरेश देगलूरकर अमेरिकेत, ग्रीन कार्डवाला. तीन आठवड्यांची रजा काढून आला, लग्न करून परत गेला आणि बायकोच्या व्हिसाचा अर्ज त्याने तिथून भरला. त्या काळी नवऱ्याकडे जायलाही रांग असे. ती चार वर्षं चालली. नीलिमा मलकपेठेत सासरी राहिली, शाळेत शिकवत राहिली, आणि शहरात मात्र रोज कुणी ना कुणी विमानात बसत होतं. अमीरपेठेत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या एकीवर एक चढल्या होत्या. पोराने भूगोलात नकाशा नीट काढला नसेल, पण न्यू जर्सीला जाणाऱ्या विमानाची वेळ त्याला पाठ.

वीस मार्च सत्त्याण्णवला मद्रासच्या वकिलातीची नोटीस आली: नंबर लागला, कागद घेऊन या. मग काहीच झालं नाही. महिने गेले. कंटाळून नीलिमा शाळेच्या शिबिराचं निमित्त सांगून एकटी मद्रासला गेली. खिडकीवरच्या बाईने तिच्याकडे नवलाने पाहिलं. तुम्हीच तर दोनदा मुदत मागितलीत, म्हणाली, आणि पत्रांच्या प्रती दिल्या. पहिलं दोन जुलैचं: सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन असल्याने चार महिने थांबावं. दुसरं दहा नोव्हेंबरचं: शाळेचं वर्ष पुरं होऊ द्यावं. टाइप केलेली, नेटकी, खाली नीलिमाची सही. प्रतींवर डावीकडे एक बारीक उभी रेघ उमटली होती. झेरॉक्सची काच खराब असावी, असं मला वाटलं.

"वर्षभरात मूळ कागद घेऊन हजर झाले नाही तर केस बंद," नीलिमा म्हणाली. "पुन्हा अर्ज, पुन्हा चार वर्षं. वीस मार्चपर्यंत मुदत आहे, मावशी. चौदा दिवस."

"मग कागद घे आणि जा."

"लग्नाचा मूळ दाखला कपाटात नाही. दोन महिने शोधतेय."

आणि सुरेश? त्याला वकिलातीतून ह्या पत्रांची खबर लागली होती. मागच्या रविवारच्या फोनवर त्याने एकच वाक्य विचारलं होतं: तुला यायचंच नसेल तर सरळ सांग.

२

मी तिला आधी रागावले. कोऱ्या कागदावर सह्या दिल्या होत्यास का, म्हणून. ती झेरॉक्सच्या कडा जुळवू लागली, म्हणजे दिल्या होत्या. कुणाला? तर सगळ्यांना.

एजंट हिम्मतरावांनी चार कोऱ्या कागदांवर घेतल्या, वेळेला लागतील म्हणून. धाकटा दीर विक्रम, त्याने फोनच्या अर्जासाठी दोन घेतल्या. सासूने गॅसच्या छापील फॉर्मवर घेतली. सासऱ्यांनी रेशनकार्डासाठी घेतल्या, किती ते तिला आठवेना.

तरुण वाचणाऱ्यांना हे खोटं वाटेल. पण आमच्या घरांमधून वडीलधाऱ्याने कागद पुढे केला की सुनेने सही करायची, वाचायचा नाही. वाचायला मागणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास. मी स्वतः कचेरीत न वाचता एका चिठीवरही सही केली नाही. घरी मात्र सासऱ्यांनी दिलेल्या कागदांवर डोळे मिटून केल्या. त्यातल्याच एका सहीने माहेरच्या शेतातला माझा हिस्सा कसा गेला, ते मला बारा वर्षांनी कळलं. म्हणून मी नीलिमाला जास्त रागावले असेन.

"ज्याने लिहिलं," मी म्हटलं, "त्याच्याकडे तुझी सही होती, आणि दाखलाही त्याच्याचकडे आहे. चौघांपैकी एक."

"बाबांना वगळा," ती लगेच म्हणाली. "त्या घरात माझ्या बाजूने बोलणारे ते एकटेच. पासपोर्टच्या रांगेत माझ्यासाठी तीन तास उभे होते."

मी काही वगळलं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी दहाला मलकपेठ गाठली.

३

देगलूरकरांचं घर रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत विक्रमचा कॉम्प्युटर क्लास, मागे माणसं.

नीलिमाची सासू पद्मावतीबाई काळा चष्मा लावून मटार सोलत होत्या. मी येण्याचं कारण त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं. सुनेने जाऊ नये असं मला वाटतं, त्यांनी कबूल केलं. तिच्या हातची भाकरी आणि तिची बडबड, दोन्हींची सवय झालीय.

"पण मी नाही म्हणते ती तोंडावर म्हणते, ताराबाई. चोरून कायकू करू? मला इंग्रजी वाचता येत नाही आणि ह्या डोळ्यांनी मराठी सुद्धा नाही."

मग त्या ऑपरेशनची गोष्ट सांगत बसल्या. जूनमध्येच डॉक्टरने सांगितलं होतं, पण गणपती होईपर्यंत त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. मुलं घाबरतील, सून उपास धरेल, गौरींचा स्वयंपाक कोण करणार. डॉक्टरकडे हेच घेऊन गेले होते, तेवढंच. मी मान हलवत होते आणि मटार सोलायला हात लावला होता. ऐकलं सगळं, पण तेव्हा कानांनीच.

विक्रम सव्वीस वर्षांचा, केसांना जेल. मराठी त्याची तीन भाषांची खिचडी. वहिनी गेली तर माझं नुकसान आहे, आंटी, असं त्याने हसत सांगितलं; संध्याकाळच्या बॅचच्या मुली तिच्यामुळेच येतात. पत्रं पाहून तो आणखी हसला.

"हे टाइपरायटर आहे. ई बघा, शाईने भरलाय. माझ्याकडे दोन प्रिंटर असताना मी ह्या डब्यावर कायकू बडवू? आणि मला एवढं इंग्लिश येत असतं तर मीच नसतो गेलो?"

फोनचं विचारलं तर फोन त्याने दाखवला; दोन्ही कागद अर्जात गेले होते.

शेवटी एकनाथराव, सासरे. अडुसष्ट वर्षांचे, ताठ, पांढरा सदरा. महसूल खात्यातून तहसीलदार होऊन निवृत्त. जुन्या हैदराबादेत नोकरीला लागले तेव्हा कचेरीत उर्दू होती. फाइलीला ते अजून मिसल म्हणत. आम्ही एकाच शाळेतले, असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी मला आदराने बसवलं, चहा मागवला. पत्रं नाकाजवळ नेऊन वाचली आणि मान हलवली.

"मुदत निघून जाणार की काय, बाई? सून माझी हुशार आहे, तिचं नशीब असं का व्हावं." डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं हे आजही सांगते.

संशय कुणावर, विचारलं. कुणाचं नाव घेणार, म्हणाले, पण तो हिम्मतराव, त्याचं ऑफिस म्हणजे कबूतरखाना. पत्ता देतो. त्यांनी टेबलावरचा कागद घेतला, डावीकडून चार बोटं दुमडला, नखाने घडी दाबली, उलगडला आणि उजवीकडच्या भागात सुरेख अक्षरात नारायणगुड्याचा पत्ता लिहून दिला. तो मी पर्समध्ये ठेवला.

निघताना पद्मावतीबाईंनी कुंकू लावलं आणि हळूच म्हणाल्या, "थोरला मुकुंद बायकोला घेऊन गेला तो चौऱ्याऐंशी साली. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनलाही नाही आला. सुरेश तरी बायकोसाठी येऊन जातो."

हे वाक्य पायरीवर माझ्या मागे आलं आणि रिक्षात बसलं.

४

हिम्मतरावांचं ऑफिस खरोखरच कबूतरखाना होता, पण माणूस प्रामाणिक निघाला. मला पाहताच त्याने हात जोडले. नीलिमाबाईंची केस अडली म्हणून त्यालाही परेशानी होती. गल्लीतल्या आणखी सहा केसेस त्या घराच्या ओळखीने आल्या होत्या. मद्रासहून येणारी पत्रं थेट मलकपेठेच्या घरी जात. त्याने चार वेळा निरोप पाठवला, दर वेळी एकनाथरावांनी कळवलं की कागद जमवतोय, एक कागद राहिलाय. आधी जन्माचा दाखला. तो झाल्यावर पोलिसांचा. तो झाल्यावर फोटोंचा आकार चुकलाय. तेही झाल्यावर लग्नाचा.

"एकदम सांगितलं असतं तर आठ दिवसांत झालं असतं, मॅडम."

मी त्याच्याकडून नीलिमाच्या कोऱ्या सह्यांचे कागद मागितले. त्याने ढिगातून काढून दिले. चार घेतले होते, चारही होते. सपाट कागद, नीलिमाने चारही ठिकाणी पानाच्या बरोबर मध्यावर सही केली होती.

घरी आले. जेवले. विचार करायचा तर लिहून करायचा ही माझी सवय, म्हणून टेबलाशी बसले आणि कोरा कागद ओढला. नावं लिहायची होती. पेन उघडलं आणि माझा हात थांबला, कारण डाव्या हाताने त्याचं काम आधीच केलं होतं. कागद डावीकडून चार बोटं दुमडला होता आणि माझं नख घडीवर फिरत होतं.

ह्याला आम्ही हाशिया म्हणायचो. समास. अर्ज किंवा टिपण उजवीकडे लिहायचं, डावीकडची चार बोटं साहेबाच्या शेऱ्यासाठी मोकळी. पट्टीने रेघ मारायची नाही, घडी घालायची. आमच्या पिढीतला कारकून किराण्याची यादीही हाशिया सोडून करतो.

मी नीलिमाच्या झेरॉक्स उघडल्या. ती उभी रेघ काचेची नव्हती. घडीची होती. दोन्ही पत्रांत टाइप केलेली प्रत्येक ओळ त्या रेघेच्या उजवीकडे सुरू होत होती. पण टाइप करणारा घडी पाहून ओळ लावणारच, त्यात विशेष काय. मला हादरवलं ते दुसऱ्या गोष्टीने. नीलिमाची सही मध्यावर नव्हती. ती दोन्ही पानांवर उजवीकडे सरकून, घडी न ओलांडता बसली होती.

म्हणजे सही झाली तेव्हा घडी होती. कागद आधी दुमडला, मग सुनेपुढे धरला.

आणि आता सकाळचे मटार मला आठवले. दोन जुलैच्या पत्रात ऑपरेशन आहे. पद्मावतीबाईंनी ते गणपतीपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. गणपती सप्टेंबरात. जुलैमध्ये ते दोनच माणसांना ठाऊक होतं: जिचा डोळा होता तिला, आणि जो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला त्याला.

एका वेळी एकच हरकत काढायची, ती दूर झाली की दुसरी. मिसल मरू द्यायची नाही, हलूही द्यायची नाही. ही विद्या मला कुणी नवी शिकवायला नको होती. मी ती वापरलीही आहे, दोनदा, आणि त्या दोन्ही माणसांची नावं मला अजून झोपू देत नाहीत.

५

रविवारी सकाळी आठला नीलिमा आली. मी एकच प्रश्न विचारला: घडी घातलेल्या कागदावर तुझी सही कुणी घेतली?

तिला वेळ लागला. मग चेहरा बदलला.

"जूनमध्ये. मी तुळशीला पाणी घालत होते. बाबा रेशनकार्डाचे कागद घेऊन आले. मी पटकन करायला गेले तर म्हणाले, घडीच्या आत कर बेटा. बाहेर जाऊ नकोस. ती साहेबाची जागा."

रडेल असं मला वाटलं होतं. ती उठली, नळावर तोंड धुतलं आणि पदराने पुसत म्हणाली की दाखला त्यांनी जाळला असेल, आता काय उपयोग.

"जाळला नाही," मी म्हटलं. "तो माणूस मिसल वीस वर्षं दाबून ठेवील, कागद फाडणार नाही. त्याच्या हाताला ते जमणारच नाही. दाखला त्याच घरात आहे, आणि त्यावर पान नंबर घातलेला आहे."

"मग मी कपाट फोडते."

"कपाट कशाला फोडतेस? तू अर्जदार आहेस. मागायला चल."

६

अकराला आम्ही पोचलो. रविवार म्हणून क्लास बंद होता, विक्रम बाहेर गेलेला. पद्मावतीबाई झोपाळ्यावर, एकनाथराव पेपर वाचत. दर रविवारी साडेअकराला सुरेशचा फोन येई आणि फोन नेहमी तेच उचलत, म्हणून पेपर घेऊन फोनजवळ बसलेले.

मी खुर्ची मागितली नाही. झेरॉक्स त्यांच्या पुढ्यात ठेवल्या, घडीवर बोट ठेवलं, सहीवर ठेवलं, मग "डोळ्याचं ऑपरेशन" ह्या शब्दांवर ठेवलं आणि जून ते गणपतीचा हिशेब त्यांच्या बायकोसमोर सांगितला. पद्मावतीबाईंनी झोपाळा पायाने थांबवला. एकनाथरावांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि काहीच नाकारलं नाही.

नीलिमा पुढे झाली.

"बाबा, माझी मिसल द्या."

ते उठले. कमरेच्या किल्लीने लोखंडी कपाट उघडलं. वरच्याच खणात हिरव्या फितीने बांधलेली फाइल होती. वर नीलिमाचं नाव, आत अनुक्रमणिका, प्रत्येक पानाला लाल शाईत नंबर. लग्नाचा दाखला पान एकोणतीस. आणि एकतीस व चौतीसला त्या दोन पत्रांच्या स्थळप्रती. स्वतःच्या गुन्ह्याची कार्बन कॉपी त्यांनी जपून, नंबर घालून ठेवली होती.

"दोन महिने मी शोधतेय," नीलिमाचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुम्ही माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होता."

"तू शोधत होतीस," ते म्हणाले. "मागितली नव्हतीस."

हे वाक्य मी कचेरीत हजारदा ऐकलं असेल. एका घरात, सासऱ्याच्या तोंडून, मुलीएवढ्या सुनेला उद्देशून ऐकलं तेव्हा कळलं की ते किती घाणेरडं आहे.

मग ते बसले आणि भिंतीकडे पाहत बोलले. मुकुंद बायकोला घेऊन गेला, चौदा वर्षं झाली. सुरेश चार वर्षांत दोनदा आला. का आला? बायको इथे म्हणून. तीही गेली की हा दरवाजा बंद. "मी तिला त्रास दिला नाही, बाई. मुलीसारखं ठेवलं. फक्त थोडी मुदत घेतली."

"ओलीस ठेवलंत," मी म्हटलं.

"जामीन," त्यांनी दुरुस्त केलं. शब्द अचूक हवा, ही सवय सुटत नव्हती.

नीलिमाने टेबलावरचं त्यांचं पेन उचललं. स्थळप्रत एकतीस समोर ओढली. घडीच्या उजवीकडे तिच्या नावाने दुसऱ्याने लिहिलेलं पत्र होतं. डावीकडे चार बोटं कोरी. तिने त्या कोऱ्या जागेत लिहिलं, मोठ्या, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात: वाचले. नामंजूर. खाली सही केली आणि तारीख घातली. चौतीसवरही तेच. एकनाथराव ते अक्षर उमटताना पाहत राहिले. साहेबाच्या जागेत त्यांच्या घरातलं कुणी पहिल्यांदा लिहीत होतं.

दाखला आणि बाकीचे मूळ कागद तिने काढून घेतले. दोन्ही प्रती फाइलीत परत ठेवल्या.

"ह्या तुमच्या. नंबर घातलाय ना."

फोन वाजला. एकनाथरावांचा हात सवयीने गेला, पण नीलिमाने आधी उचलला. तिने सुरेशला उगाच काही विचारू दिलं नाही.

"ती दोन पत्रं मी लिहिली नाहीत. कुणी लिहिली ते ज्याने लिहिली तोच सांगेल. आणि एक ऐक. मी येतेय ती तू बोलावतोस म्हणून नाही, जायला मला कुणाची मुदत लागत नाही म्हणून. आवडलं नाही तर तसं पटकन सांग, तिकीट मी दुसरीकडचं काढीन."

आणि तिने रिसीव्हर सासऱ्यांपुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. पद्मावतीबाई झोपाळ्यावरून उठल्या, चाचपडत आल्या आणि म्हणाल्या, "घ्या. पोराला माझ्या डोळ्याचं खोटं कारण मी नाही दिलेलं. तुम्ही दिलंय. सांगा."

एकनाथरावांनी रिसीव्हर कानाला लावला.

"सुरेश," ते म्हणाले. "पत्रं मी लिहिली. तिचे कागद पुरे आहेत. काही हरकत नाही."

७

नीलिमा सोळा तारखेला मद्रासच्या खिडकीवर उभी होती, मुदतीच्या चार दिवस आधी, आणि बाजूला मी होते. अकरा वर्षांची सुपरिटेंडेंटगिरी असल्यासारखं तिने कागद एकेक करून आत सरकवले आणि पोच मागून घेतली.

ती गेली. सुरेश आजही दर दोन वर्षांनी येतो, कुणी धरून ठेवलेलं नाही तरी. एकनाथरावांना ते पुढे सात वर्षं पाहायला मिळालं. त्यांच्या तेराव्यानंतर विक्रमने ती हिरव्या फितीची फाइल मला आणून दिली; घरात कुणाला वाचायची नव्हती. पान एकतीस मी उघडलं. हाशियात नीलिमाचं "नामंजूर" तसंच होतं. त्याच्या खाली बारीक, सुरेख अक्षरात एक शब्द वाढला होता: पाहिले. आद्याक्षर, आणि तारीख आठ मार्च.

विक्रमला वाटलं, बाबांनी माफी मागितली. मी त्याचा हिरमोड केला नाही. पण मी अडतीस वर्षं नोकरी केली आहे. खालच्या माणसाने वरच्याच्या हुकुमाखाली "पाहिले" लिहायचं असतं. त्या घरात त्या दिवशी वरचं कोण होतं, तेवढं त्यांनी नोंदवून ठेवलं होतं.